धोंड्याच्या महिन्यातली कानस

यंदा ज्येष्ठ दोन आलेत. भिंतीला कॅलेंडर लावतानाच ते नजरेला पडलं आणि वाटलं, हे एक पान फाडून टाकावं. दोन-तीन वर्षांनी हा धोंड्याचा महिना फिरून येतो. घरोघरी पुरण शिजतं, पुरण भरलेले कणकेचे धोंडे तुपात सुटतात, जावई नवी कापडं घालून सासुरवाडीच्या ओट्यावर मांडी घालून बसतात, आणि बायामाणसं पुण्य कुठं लागेल ते हुडकत फिरतात. लोकांना गोड वाटतं. मला तुपाचा वास आला की डोकं उठतं.

आता देवाधर्माच्या महिन्यात म्हाताऱ्यानं एवढं वैतागायला काय झालं, असं कुणी विचारील. तर मी मासे सांभाळतो.

उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला, इंदापूरच्या अंगाला, आमच्या सोसायटीचं मत्स्यबीज केंद्र आहे. मी तिथला मॅनेजर. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर घरातून ओढून नेत तेवढीच. केंद्राची तळी खणायला रोजंदारीवर आलो होतो. तळी झाली, पाणी भरलं, मासे आले, शिकलेले साहेब येत गेले आणि जात गेले. मी राहिलो. शेवटी मॅनेजर कुणाला करायचं हा प्रश्नच उरला नाही. भेटेल तो म्हणतो, तात्या, माशांचं काय सांभाळायचं, पाण्यात टाकले की वाढतात. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की आता म्हणणाराच्या तोंडाकडंही बघत नाही.

पाण्यात टाकले की वाढत नाहीत. पावसाळ्यात मादी अंड्यांनी भरते. तिला आणि नराला छातीच्या परामागं, म्हणजे पोहायच्या पंखामागं, औषधाची सुई द्यायची, गोल टाकीत सोडायचं, पाणी सारखं फिरतं ठेवायचं, वरून फवारा मारायचा. नदीला पूर आलाय असं त्यांना वाटलं पाहिजे. वाटलं तर अंडी घालतात. अंड्यातून जे निघतं ते जिऱ्याएवढं, म्हणून त्याला जिरेच म्हणतात. ते बोटाएवढं झालं की बोटुकली. शेततळेवाले पिशव्या भरून बोटुकली नेतात, आणि महिन्याभरात फोन करून विचारतात की मासे दिसेनात. माशाला फसवायचा हा धंदा आहे. कटला-रोहू फसतात. कानस फसत नाही.

कानस आमच्या भीमेची. कटला, रोहू बाहेरून आणलेले. चिलापी कुठल्या मुलखातून आली देव जाणे, पण आली ती घर बांधूनच बसली. कानस इथली. काळीभोर, कोळशावर पाणी मारल्यासारखी चकाकणारी, तोंडाला चार मिश्या, ओठ जाड आणि झालरीचे. धरणाच्या आधी आमचं गाव नदीकडेला होतं. गावाखाली खडकांचा डोह होता. उन्हाळ्यात पाणी निवळशंख झालं की वरून कानस दिसायची, दगडाला ओठ लावून शेवाळ खरवडताना. तिरकी झाली की अंगावर ऊन पडायचं आणि त्या काळ्यात तांबूस झाक हलून जायची. आम्ही पोरं खडकावर पालथी पडून बघत बसायचो. पोटाला खडक भाजायचा, तरी उठायचो नाही. ते गाव पाण्याखाली गेलं. गावाचं मला तितकं वाटत नाही. गाव वर नेऊन बसवता येतं, बसवलंही. कानशीला कुणी प्लॉट दिला नाही. पाणी साचलं, वाहायचं थांबलं, हिरवं झालं, जलपर्णीनं झाकलं. हळूहळू जाळ्यात चिलापीच चिलापी यायला लागली. हिवाळा सरता सरता पुण्याची माणसं गाड्या घेऊन इथं गुलाबी पक्षी बघायला येतात. हातहातभर लांब कॅमेरे. पक्ष्याची मान कशी वाकते यावर तासभर बोलतात. तो मान वाकवून ज्या पाण्यात बघतो त्या पाण्यात काय उरलंय, हे एकानंही आजवर मला विचारलेलं नाही.

तर मागच्या खेपेच्या धोंड्याच्या महिन्याची गोष्ट. त्या वर्षी श्रावण दोन होते आणि पाऊस एकाही श्रावणात नव्हता. ढग बारामतीच्या अंगानं यायचे, आमच्या डोक्यावर उभे राहायचे, इकडंतिकडं बघायचे आणि लग्नघर चुकलेल्या पाहुण्यासारखे सोलापूरच्या वाटेला लागायचे.

केंद्रातलं एक तळं मी भांडून कानशीसाठी ठेवून घेतलं होतं. नदीच्या वरच्या अंगाला खडकाळ डोहात थोड्या उरल्या होत्या, त्यातल्या तीन माद्या आणि काही नर टेम्पोत पाण्याची टाकी ठेवून आणले होते. त्यातली एक मादी चांगली जुनी, अंगानं थोर, तिला मी थोरली म्हणायचो. देशी माशांवर शिकलेल्या एक मॅडम पुण्याहून मदतीला येत. वयानं माझ्या नातीएवढ्या, पण चिखलात उतरताना मागंपुढं बघायच्या नाहीत, म्हणून मी त्यांचं ऐकायचो. म्हणजे तोंडावर वाद घालायचो आणि त्या गेल्यावर त्यांनी सांगितलेलं करायचो. दोन पावसाळे आम्ही खटपट केली. कानशीनं अंड्याचा दाणाही दिला नाही.

सोसायटीचे चेअरमन बापूराव. माणूस वाईट नाही. ऊसवाला आहे, ज्या पिकाला कारखाना नाही ते पीकच नव्हे, असं त्याला मनापासून वाटतं. आषाढात तो तळ्यावर आला, पाण्यात थुंकला नाही एवढंच, आणि म्हणाला, "तात्या, हा पावसाळा शेवटचा. यंदा कानशीची बोटुकली दाखवा. न्हायतर हे तळं कटल्याला."

एवढाच सौदा होता. तळं गेलं की कानस गेली. आमच्या पाण्यात तिचं बी धरणारी दुसरी जागाच नव्हती.

मासे भरून तयार होते, पण पाणी गरम. गरम पाण्यात सुई देऊन उपयोग नसतो. पाऊस पडून पाणी निवेपर्यंत थांबायचं, आणि थांबायच्या काळात माशाला मोजकंच खायला द्यायचं. पोटात चरबी धरली की अंड्याला वाट राहत नाही. हे मॅडमनी दहादा बजावलं होतं. मी मूठ मोजून खाद्य टाकत होतो. आणि तेवढ्यात धोंड्याचा महिना लागला आणि जावई आले.

माझी मुलगी मंगल कऱ्हाटीला दिली आहे. जावई लोणी देवकरला कंपनीत कामाला. एरवी तिथंच खोली करून राहतात, मंगल कऱ्हाटीलाच असते. त्या महिन्यात म्हणाले, सासुरवाडीहून कंपनी जवळ पडते. पडते खरी. मुक्काम ठोकला. त्यांना नवी कापडं झाली, तेहतीस धोंडे झाले, तुपाची धार झाली. माझी तक्रार नाही, जावई पोटभर जेवला की बापाला बरंच वाटतं. पण त्यांच्याबरोबर त्यांची आई आली. माझी विहीणबाई.

बाई हिमतीची. सासऱ्याच्या काळापर्यंत त्यांच्याकडं मेंढरं होती, हिचं अर्धं आयुष्य कळपामागं गेलेलं. जनावराच्या डोळ्यात बघून दुखणं ओळखते. पहाटे उठते, रिकामं बसत नाही. पहिल्याच सकाळी उरलेले दोन धोंडे घेऊन फिरत फिरत माझ्या तळ्याशी गेली आणि कुस्करून टाकले. दुपारी आमच्या कारभारणीला सांगत होती, की हा महिना विष्णूचा, आणि मासा हा विष्णूचाच पहिला अवतार, मग देव दारात असताना पुण्याला लांब कशाला जायचं. हे बोलणं संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवसापासून तळ्यावर रांग. धोंडे, शिरा, तुपातली पोळी, दहीभात. एकीनं तर हळदीकुंकू वाहिलं, पाणी तांबडं झालं.

आता मुलीच्या बापानं विहिणीला काय बोलायचं याची यादी फार छोटी असते. या, बसा, पाणी घ्या, जेवा, राहा. माझे मासे बिघडवू नका, हे त्यात कुठंच बसत नाही. त्यातून धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाच्या आईला वाकडं बोलणारा माणूस आमच्याकडं कुणी पाहिलेला नाही.

मग मी आडून उपाय केले. तळ्यावर जाळं ताणलं, तर बायांनी एका कोपऱ्यातून दोरी सोडून वाट केली आणि वर मला सांगितलं की तात्या, जाळं ढिलं झालंय. बाभळीचे काटे टाकले, तर आमच्याच कारभारणीनं ते उचलून बांधावर फेकले, पावण्यांच्या पायात मोडतील म्हणून. आत येऊ नये अशी पाटी रंगवून लावली. निम्म्या बायांनी ती वाचली नाही, निम्म्या म्हणाल्या, ते परक्या माणसांना आहे.

आणि कानस. ती तळाची मासोळी, वर यायची तिची जातच नाही. नदीत तिनं माणसाची सावली पाहिली तरी ती खडकाखाली जायची. आठवडा झाला नाही तोच विहीणबाईंच्या बांगड्या वाजल्या की थोरली वर तोंड काढायला लागली. झालरीचे ओठ पसरून धोंड्याचा तुकडा आत ओढायची. मला ते बघवेना. दोन वर्षं मी तिच्यापुढं हात जोडले, मला तिनं कधी पाठसुद्धा दाखवली नव्हती.

शेवटी एका सकाळी हिय्या केला. विहीणबाई तळ्याच्या कडेला उकिडव्या बसून कुस्करत होत्या. मी शेजारी उभा राहिलो, टोपी नीट केली, आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणालो, "इहीणबाई, ह्या माशाला सध्या खायला घालायचं नसतं."

"का वं इवाई, आजारी हाय का?"

"आजारी न्हाय. तिच्या पोटात अंडी हायेत."

त्यांचा हात थांबला. माझ्याकडं वर बघितलं, मग पाण्याकडं, मग परत माझ्याकडं. असं बघितलं, जसा काही मी कुणाचा तरी गळा दाबताना सापडलोय.

"म्हंजी गाभण हाय ती," त्या म्हणाल्या. "आन तुमी तिला उपाशी ठेवताय?"

मी चरबीचं सांगितलं, सुईचं सांगितलं, अंड्याच्या वाटेचं सांगितलं. काही आत शिरलं नाही. जन्मभर जिनं गाभण मेंढीला आधी हिरवा चारा घातला, पोटुशी सुनेच्या पानात आधी वाढलं, तिला मी सांगत होतो की भरल्या पोटाला खायला देऊ नका. चूक माझ्या सांगण्यात नव्हती आणि त्यांच्या मायेतही नव्हती, पण दोन्ही एका तळ्यावर मावत नव्हत्या.

पुढं जे झालं ते कुठल्याही मॅनेजरच्या वाट्याला येऊ नये. मी सुया आणि औषध आणायला बारामतीला गेलो होतो. एसटीनं परत आलो, केंद्राच्या फाटकाशी पोचलो, तर आतून बायांचं गाणं ऐकू येतंय. तळ्याच्या काठाला शेणाचा सडा, रांगोळी. पाटावर हिरवा खण. ताटात धोंडे, करंज्या, शिरा, पाच तऱ्हेचा भात. माझ्या माशाचं डोहाळजेवण चाललं होतं. आमची कारभारीण सगळ्यांत पुढं, कपाळाला मळवट, हातात ओटीचं ताट. मला बघून ती जरा आडोशाला झाली, पण गाणं काही थांबलं नाही. कुणीतरी हिरव्या बांगड्यासुद्धा पाण्यात सोडल्या होत्या. त्या मी नंतर गुडघाभर चिखलात चाचपून काढल्या, माशानं गिळल्या तर म्हणून. बायका गेल्या तेव्हा पाण्यावर तुपाचे डोळे तरंगत होते आणि थोरली त्यांच्यामधून सावकाश फिरत होती, सुस्त, एखाद्या सावकारणीसारखी.

त्यानंतर मॅडम आल्या. आम्ही जाळं ओढलं. मॅडमनी थोरलीला ओल्या फडक्यात घेतलं आणि पोटावरून बोट फिरवलं. भरल्या मादीचं पोट मऊ लागतं, दाबलं की आत सरकतं. त्यांचं बोट आत गेलंच नाही. त्या हळूच म्हणाल्या, "तात्या, ही नुसती चरबी आहे. अंडी असतील आत, पण बाहेर कशी येणार?"

विहीणबाई मागं ताट घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी मॅडमना आपुलकीनं नाव विचारलं, गाव विचारलं, लग्न झालं का विचारलं. नाही म्हटल्यावर मान हलवून म्हणाल्या, "मग तुमाला कसं कळावं, बाई. लगीन झालं, पोटुशी राह्यलात, की कळंल काय लागतं ते." आणि ताटातला धोंडा उचलला.

माझ्या तोंडातून निघून गेलं. "इहीणबाई, मेंढी न्हवं ती. तुमच्या हातानं मरंल."

बाईंनी धोंडा ताटात ठेवला, ताट काठावर ठेवलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला. घरी जाऊन आमच्या कारभारणीला एवढंच म्हणाल्या, की मंगलच्या बापाला सांगा, आम्ही निघालो. जावयांनी बॅग भरली. धोंड्याच्या महिन्यात जावई आणि विहीण भरल्या घरातून रुसून गेली, तीही माशापायी. आमच्या गावात हे आजही कुणाला पत्ता सांगताना सांगतात.

संध्याकाळी मंगलचा फोन. रडत होती. म्हणाली, "तात्या, एका माशापायी?"

मी म्हणालो, "तीन हायेत."

तिनं फोन ठेवला. कारभारणीनं बोलणं टाकलं. महिना संपेपर्यंत आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती. भाकरी यायची ती ताटात नाही, ताटावर. मी माफी मागायला कऱ्हाटीला जावं असं चार माणसांनी सुचवलं. मी म्हणालो, मासे सोडून मी कुठंही जाणार नाही, आणि हे खरंच होतं, त्यामुळं मला कारण शोधावं लागलं नाही.

मी तळ्यावर खाट टाकली. माशांचं खाणं बंद केलं. वीज असेल तेवढा वेळ मोटर लावून पाण्याला धार ठेवली, पोहून पोहून त्यांची चरबी झडावी म्हणून. शेतीची वीज कधी येणार आणि कधी जाणार हे ती देणाऱ्यालाही माहीत नसतं. ती येईल तेव्हा मी उठायचो. बाया वाटेनं जाताना तळ्याकडं बघायच्या आणि मग माझ्याकडं, गरोदर सुनेला माळ्यावर कोंडून ठेवणाऱ्या सासूकडं बघावं तशा. थोरली अजूनही बांगड्यांचा आवाज आला की वर यायची, तोंड उघडायची, आणि काहीच पडत नाही हे बघून तशीच उभी राहायची. ते बघून मला विहीणबाईंचा राग यायचा, आणि थोरलीचा त्याहून जास्त.

पाऊस आला तो गौरी-गणपतीत. रिपरिप दोन दिवस राहिली, पाणी निवलं, वारा बदलला. मॅडम आल्या. सुया दिल्या. टाकीचा फवारा सुरू केला आणि वीज जाऊ नये म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा वीजमंडळाच्या वायरमनला चहा पाजला.

सकाळी थोरली कडेला उताणी होती. तिला कापून बघितलं. थिजलेल्या पिवळ्या चरबीचा गोळा, आणि त्याच्या आत दाबून धरलेली अंडी, एकही सुटलेलं नाही. आपलं खरं ठरलं की मला एरवी फार आनंद होतो, हे घरचे सांगतील. त्या सकाळी झाला नाही. मॅडम बूट काढून टाकीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, चहा घ्या. त्या म्हणाल्या, नको. मग आम्ही दोघंही तिथंच बसून राहिलो, कारण बाकीच्या टाकीत काय आहे ते बघायचं धाडस कुणाला होईना.

होतं. धाकट्या दोघींनी थोडी अंडी घातली होती. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, पण इतकी विरळ की पाण्यात हात घातला तर पाणीच लागे. त्यातली फळली त्याहून कमी. शेण आणि शेंगदाण्याची पेंड कुजवून केलेल्या पाण्यात मी ते जिरे वाढवले. बेडकाला हाकललं, खंड्या पक्ष्याला हाकललं, बघायला येणाऱ्या माणसांना हाकललं. दिवाळीपर्यंत बोटुकली झाली. काळी, चमकदार, इवल्या मिश्यांची.

बापूराव बघायला आला. काठावर उभा राहून म्हणाला, एवढीच? मी म्हणालो, बोटुकली दाखवा म्हणाला होतात, दाखवली. तो म्हणाला, "तात्या, घरच्या हंड्यात मावत्याल ही. ह्याला काय बीज म्हणत्यात व्हय?" आणि तळं कटल्याला दिलं. माझा शब्द पुरा झाला होता, त्याचा नाही. पण चेअरमन तो होता.

वर त्याला बोटुकली नदीत सोडायचा कार्यक्रम करायचा होता. मंडप, पुढारी, नारळ, आणि पुलावरून पिशव्या ओतायच्या, म्हणजे फोटोत पाणी उडताना दिसतं. बोटुकली वरून फेकली की निम्मी तिथंच मरते, हे सांगून उपयोग नव्हता. फ्लेक्स छापून येण्याच्या आदल्या दिवशीच मी आणि मॅडमनी बोटुकली होडीत घातली. दोन्ही माद्या आणि नरही घातले, तळंच राहिलं नव्हतं तर ठेवणार कुठं. फुगवट्यात जिथं पाण्याखाली खडक आहेत तिथं गेलो. पिशव्या पाण्यावर तशाच तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी एकसारखं होईपर्यंत. मग तोंडं सोडली. पाणी हिरवं, वास मारणारं. मला ते बघून सोडावंसंच वाटेना. पण ती गेली, एकेक काळा दोरा सुटावा तशी. बापूराव पुढं महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्या काळात माझ्याशी न बोलणाऱ्या माणसांची संख्या बरीच झाली होती, त्यात तो एक.

मॅडम पुढं दुसऱ्या नदीवर गेल्या. मी कटल्याचे जिरे काढत राहिलो. पण भिगवणच्या बाजारात गेलो की कोळणींच्या पाट्यांवर वाकून बघायची खोड लागली. चिलापी, चिलापी, मधेच एखादा मरळ, परत चिलापी. बाजारातल्या बाया हसायच्या. तात्या, कुणाची पोरगी हरवली का, म्हणायच्या. बापूराव भेटला की विचारायचा, तुमची कानस मुंबईला गेली वाटतं. दरवर्षी एकदा तरी मी ठरवायचो, की पुरे आता, चिलापीनं सगळी खाल्ली, आपण डोळे मिटावेत. आणि पुढच्या बाजाराला पुन्हा वाकून बघायचो.

तर आता हा पुन्हा धोंड्याचा महिना. जावई येतात आताशा, पण एका दिवसापुरते, आणि माशांचं नाव काढत नाहीत. विहीणबाई आल्या नाहीत. मंगलकडं निरोप पाठवला, की इवायांना विचार, मासं बरं हायेत का. हा टोमणा आहे की चौकशी, हे मला आठवडाभर कळलं नाही. कारभारीण म्हणते चौकशीच आहे, ती बाई टोमणे मारत नाही. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

काल सकाळी केंद्रावर ज्ञानू आला. फुगवट्यात जाळं टाकून पोट भरणारा गडी, जुना ओळखीचा. या महिन्यात मासे कुणी घेत नाही म्हणून कुरकुरत होता. ओल्या पोत्यात काहीतरी होतं. कट्ट्यावर पोतं उलगडलं आणि म्हणाला, "तात्या, हे तुमचं हाय का बघा."

हातभर लांब. काळीभोर. चार मिश्या. जाड ओठ. मी सोडलेल्या जुन्या माद्या हिच्या दुप्पट होत्या, म्हणजे ही त्या बोटुकलीतली. डोळा अजून ओला होता, पण जीव नव्हता.

मी ज्ञानूला जे बोललो ते लिहीत नाही. असल्या दिवसांत जाळं टाकतोस, असल्या बारीक भोकाचं टाकतोस, काळी दिसली तर सोडवत नाही का, हा त्याचा सभ्य भाग. त्यानं सगळं ऐकून घेतलं, विडी पेटवली, आणि म्हणाला, "जाळ्यातच मेली, तात्या. म्या काय मुद्दाम जीव घेतो व्हय? पोट बघा की तिचं."

पोटाला हात लावला. मऊ. बोट आत सरकलं.

कट्ट्यावरच सुरीनं हलक्या हातानं उघडली. दोन्ही बाजूंना अंड्यांची गाभोळी, करडी-निळसर, काठोकाठ, दाणा दाणा सुटा. चरबीचा पत्ता नाही. मी खाली बसलो. हिला सुई कुणी दिली नव्हती. फवारा मारला नव्हता, मूठ मोजून खाद्य टाकलं नव्हतं, पूर आलाय असं खोटं सांगितलं नव्हतं. त्या हिरव्या घाण पाण्यात, त्या जलपर्णीखाली, चिलापीच्या गर्दीत, ही आपली आपण भरली होती, अगदी वेळेवर. पावसाला दोन आठवडे राहिले असताना. आणि घालायच्या आधी जाळ्यात मेली. आनंद करावा की ज्ञानूच्या थोबाडीत मारावी, हे मला ठरवता येईना, म्हणून नुसता बघत बसलो.

मग विचारलं, अजून आहेत का. तो म्हणाला, आहेत की, खडकांच्या अंगाला, चार-दोन दिसतात काळ्या, सगळ्यांच्याच जाळ्यात येतात अधूनमधून. सगळ्यांच्याच, म्हणाला. आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

"पाऊस पडून जाईस्तवर खडकांच्या अंगाला जाळं टाकायचं न्हाय," मी म्हणालो.

"म्या न्हाय टाकत. बाकीच्यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो."

ज्ञानू हसला. "तुमचं ऐकत्यात व्हय, तात्या?"

"न्हाय ऐकत," मी म्हणालो. हात धुतले, टोपी घातली आणि त्याच्या होडीत जाऊन बसलो. होड्या बऱ्याच आहेत. सगळ्यांशी भांडायचं तर ऊन चढायच्या आत निघालेलं बरं.